बेस गिटारचें पहिलें पेडल

एकत्र कुटुंबांत एखादें नवें वाद्य आलें म्हणजे तें फार दिवस एकट्याचें रहात नाहीं. पेटी आली कीं आत्याबाई भजनें बसवूं लागतात. तबला आला कीं शेजारचीं मुलें ओसरीवर जमतात. बेस गिटार आली म्हणजे मात्र घरांत घटकाभर कोडेंच पडतें. चार जाड तारा, लांबलचक मान, आणि आवाज असा कीं माजघरांत तो कानाला ऐकूं येण्यापेक्षां अंगाला अधिक जाणवावा! ह्या कोड्यांतून मंडळी बाहेर पडतात न पडतात तोंच चिरंजीवांची दुसरी मागणी पुढें येते: "आतां एक पेडल हवें." पायानें दाबावयाची, साबणाच्या डबीएवढी पत्र्याची एक पेटी, आणि तिची किंमत कांहीं हजार रुपये! आजोबा म्हणतात, "कशाला?" काका म्हणतात, "घेऊं द्या, हौस आहे." आई विचारते, "ह्यांतलें चांगलें कोणतें, आणि आधीं घ्यावयाचें कोणतें?" आमच्या मतें तिघांपैकीं आईचाच प्रश्न उत्तर देण्याजोगा आहे, आणि त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

मुंबईच्या मुलास ह्या बाबतींत एक सोय असते. धोबीतलावाकडे फुर्तादोससारखें १८६५ सालापासून चालत आलेलें वाद्यांचें दुकान आहे. आपली गिटार खांद्यावर टाकून जावें, दोन-चार पेडलें जोडून पहावीं आणि मग ठरवावें. मुक्ताईनगरच्या मुलास त्यासाठीं भुसावळ गांठून रात्रीची आगगाडी धरावी लागते. म्हणून तो बहुधा मोबाइलवर प्रात्यक्षिकें पाहतो आणि घरबसल्या पार्सल मागवितो. पहिली फसगत होते ती येथेंच. मोबाइलचा इवलासा स्पीकर बेसचे खालचे स्वर मुळीं वाजवूंच शकत नाहीं; वरच्या उपस्वरांवरून आपला कान खालचा स्वर कल्पनेनें भरून काढतो. म्हणजे ज्या गुणासाठीं हें वाद्य घेतलें, तो वगळून उरलेल्या भागावरच मुलगा निवड करतो. प्रात्यक्षिकें ऐकावयाचीं तर निदान कान झांकणाऱ्या चांगल्या हेडफोनवर तरी ऐकावीं, ही आमची पहिली सूचना.

खर्ज किती खालीं असतो?

बेस गिटारची सर्वांत जाड तार सुटी छेडली असतां सेकंदाला सुमारें ४१ आंदोलनें होतात. पुढील तीन तारांचीं अनुक्रमें ५५, ७३ आणि ९८. तुलनेसाठीं घरचा तंबोरा घ्या. काळी एक ह्या पट्टींत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचीं आंदोलनें सुमारें ६९ भरतात. ज्या तारेला आपण आजवर सर्वांत खालची समजत आलों, तिच्याहि खालीं बेसच्या दोन तारा बोलतात. त्या ४१ आंदोलनांच्या स्वराची हवेंतील लाट सुमारें २७ फूट लांब असते. एवढ्या लांब लाटेस घरांतली भिंत म्हणजे कांहीं मोठा अडथळा नव्हे. दार लावून घेतलें तरी आजोबांची दुपारची झोंप कां मोडते, ह्याचें कारण हें.

ह्या वाद्याचें काम काय, तेंहि समजून घेतलें पाहिजे. अमेरिकेंत लिओ फेंडर ह्यांनीं १९५१ सालीं ‘प्रिसिजन बेस’ बाजारांत आणला आणि तेव्हांपासून हें वाद्य जगभर रूढ झालें. त्यापूर्वीं हें काम उभ्यानें वाजवावयाचा अवजड डबल बेस करीत असे. त्याच्या मानेवर पडदे नसत, स्वर केवळ अंदाजानें धरावा लागे. फेंडर ह्यांनीं पडदे बसविले, स्वर नेमका येऊं लागला, आणि म्हणूनच त्याला ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा, हें नांव मिळालें. गाण्यांत बेसवादक बहुधा पुढें येत नाहीं. तो ताल आणि स्वर ह्यांची गांठ घालून गायकाच्या पायाखालची जमीन तयार करतो. ऐकणाऱ्यास तो वाजतो हें कळत नाहीं. थांबला म्हणजे मात्र गाणें पोकळ झाल्याचें तत्काळ कळतें. पेडल निवडण्याचा नियम ह्यांतूनच निघतो. पेडल दाबण्यापूर्वीं जो खर्ज होता, तो दाबल्यावरहि राहिला पाहिजे. ज्या पेडलनें तो पातळ होतो, तें कितीहि गाजलेलें असो, पहिलें पेडल म्हणून घरांत आणूं नये.

नादावरील संस्कार आपणांस नवे नाहींत

पेडल म्हणजे गिटारमधून निघालेला विद्युत्‌-संकेत ॲम्प्लिफायरकडे जात असतां वाटेंत त्याच्यावर कांहीं संस्कार करणारें यंत्र. हे संस्कार परके आहेत अशी वडील मंडळींची समजूत असते, ती तितकीशी बरोबर नाहीं. मुक्ताईनगरांत वाढलेल्या मुलानें ते लहानपणापासून ऐकलेले असतात. कोथळीच्या मुक्ताईच्या देवळांत भजनास बसावें, किंवा आषाढीसाठीं पंढरपुरास निघणाऱ्या पालखीबरोबर चार पावलें चालावें, आणि पखवाजाकडे लक्ष द्यावें. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापलेली असते. कणकेच्या वजनानें चामड्याचीं आंदोलनें मंदावतात आणि नाद खालीं उतरून घुमूं लागतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून जवारी काढली, कीं एका स्वरांतून उपस्वरांची झालर निघते. मूळ स्वर ढळत नाहीं, पण तो तेजस्वी होतो. आणि वीस-पंचवीस टाळकरी एकच अभंग म्हणूं लागले, म्हणजे प्रत्येकाचा आवाज रेसभर पुढें-मागें, केसभर वर-खालीं असतो. त्या सूक्ष्म फरकांमुळेंच आवाज रुंद आणि भरीव होतो.

पेडलवाले हेंच विजेनें करतात. ऑक्टेव्ह पेडल मूळ स्वराला एक सप्तक खालची जोड देतें, ओव्हरड्राइव्ह उपस्वर वाढवितें, आणि कोरस मूळ संकेताची एक नक्कल किंचित्‌ उशिरानें व किंचित्‌ बेसूर करून त्यांत मिसळतें. ज्यानें जवारी कान देऊन ऐकली आहे, त्यास ओव्हरड्राइव्ह कोठवर वाढवावा हें निराळें शिकवावें लागत नाहीं.

विकत घेण्याचा क्रम

पहिलें पेडल ट्यूनरचें असावें. हें वाचून तरुण वाचक नाराज होतील, कारण ट्यूनरनें आवाजांत कांहींच फरक पडत नाहीं. परंतु जें वाद्य जमीन तयार करतें, तेंच बेसूर असलें तर वरचें सर्व गाणें बेसूर होतें. मोबाइलवरचे फुकट ट्यूनर खोलींत एकांतांत चालतात. मंडपांत ढोल-ताशा चालू असतां त्यांचा कांहीं उपयोग नाहीं, शिवाय सर्वांत जाड तारेचा स्वर मोबाइलला धड पकडतांहि येत नाहीं. पेडल-ट्यूनर संकेत थेट केबलमधून घेतो, त्यामुळें बाहेरच्या गोंगाटाशीं त्याला कर्तव्य नसतें. आणि तार लावीत असतांना तो बाहेर जाणारा आवाज बंद ठेवितो, हा श्रोत्यांवर उपकारच. घेतांना एवढें पहावें कीं, त्याचा आधारस्वर बदलतां येतो कीं नाहीं. पाश्चात्य ‘ए’ स्वराचीं ४४० आंदोलनें हा सर्वमान्य आधार खरा, पण देवळांतली जुनी पेटी त्या आधाराला बांधलेली असतेच असें नाहीं. पेटीशीं बेस जुळवावयाचा तर ४३८ किंवा ४४२ असा आधार निवडण्याची सोय हवी, आणि चांगल्या ट्यूनरांत ती असते. घराच्या ऐपतींत सध्यां एवढेंहि बसत नसेल, तर गिटारच्या शेंड्याला चिमट्यासारखा लावावयाचा ट्यूनर कांहीं शें रुपयांत मिळतो. तो तारेच्या कंपनावर चालतो आणि पहिल्या वर्षास पुरतो.

दुसरें पेडल आमच्या भागाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचें. मोठ्या शहरांत रंगमंचावर बेसचा ॲम्प्लिफायर मांडलेला असतो. आमच्याकडे गणेशोत्सव असो, शाळेचें स्नेहसंमेलन असो कीं भक्तिगीतांचा कार्यक्रम असो, मंडपवाल्याचा ध्वनिक्षेपक हाच सर्वांचा आधार. गिटारची केबल सरळ त्याच्या मिक्सरला जोडली, कीं आवाज मऊ, निस्तेज येतो आणि घरघर सुरू होते. कारण गिटारचा संकेत दुबळा असतो, आणि लांब केबलच्या वाटेंत त्याचें तेज जातें व बाहेरचा गोंगाट त्यांत शिरतो. ‘डी. आय.’ नांवाचें यंत्र हा संकेत लांबच्या प्रवासास योग्य करून देतें. त्यांतच मंद्र, मध्य आणि तार भाग कमी-जास्त करण्याचीं बटणें असलेलें प्रीॲम्प-पेडल मिळतें. अमेरिकन ‘सॅन्सॲम्प बेस ड्रायव्हर’ हें १९९० नंतरच्या दशकांत पुढें आलें, आणि तेव्हांपासून ह्या जातीचीं पेडलें अनेक कारखाने करूं लागले. अशी एक पेटी जवळ असली म्हणजे मंडपवाला कोणीहि असो, आपला आवाज आपण बरोबर घेऊन जातों. ट्यूनर आणि डी. आय. एवढ्या दोनच गोष्टींवर एखादा बेसवादक जन्मभर सुखानें वाजवूं शकेल.

तिसरा क्रमांक कॉम्प्रेसरचा. तो जोराचा आघात थोडा दाबतो, हळूच छेडलेला स्वर थोडा उचलतो, आणि स्वरांची रांग सारखी करतो. पण शिकाऊ बोटांनीं त्याच्या आहारीं जाऊं नये. बोटांचा असमानपणा यंत्रानें झांकला, तर तो सुधारणार कधीं? आमचें मत असें कीं, वर्षभर साध्या आवाजावर हात बसल्यावरच कॉम्प्रेसर घ्यावा, आणि त्याचें बटण अर्ध्याच्या आंतच ठेवावें.

मग रंगाचीं पेडलें

ओव्हरड्राइव्ह आणि त्याहून उग्र असा फझ ह्यांची जन्मकथा मोठी गमतीची आहे, आणि ती बेसशींच निगडित आहे. १९६० सालीं अमेरिकेंत नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स ह्यांच्या एका गीताचें ध्वनिमुद्रण चाललें होतें. ग्रेडी मार्टिन हे सहा तारांची बेस गिटार वाजवीत होते. मुद्रणयंत्राचा एक भाग बिघडला आणि बेसचा आवाज फाटका, गुरगुरणारा असा उमटला. तो तसाच ठेवला गेला, गीत लोकप्रिय झालें, आणि असा आवाज पुन्हां कसा मिळेल अशी विचारणा सुरू झाली. तेव्हां तेथील ध्वनितज्ज्ञ ग्लेन स्नॉडी ह्यांनीं तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारें मंडल तयार केलें, आणि १९६२ सालीं तें ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ ह्या नांवानें विक्रीस आलें.

पुढें अशीं पेडलें मुख्यतः साध्या गिटारसाठीं निघालीं, आणि अडचण येथेंच आहे. साध्या गिटारचा आवाज स्पष्ट यावा म्हणून त्यांच्या मंडलांत खालचा भाग मुद्दाम छाटलेला असतो. तेंच पेडल बेसला लावलें, कीं आवाज झणझणीत होतो पण त्याच्या खालची जमीन खचते. १९६५ सालच्या ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ ह्या बीटल्सच्या गीतांत पॉल मॅकार्टनी ह्यांनीं फझ लावलेला बेस वाजविला आहे. पण त्याच्या जोडीला साधा बेसहि स्वतंत्रपणें वाजतोच आहे. आजच्या चांगल्या बेस-ओव्हरड्राइव्हमध्यें हीच युक्ति एका बटणांत आलेली असते. त्यावर बहुधा ‘ब्लेंड’ असें लिहिलेलें असतें, आणि मूळ संकेत किती व संस्कारित किती हें त्यानें ठरवितां येतें. ब्लेंडचें बटण नसलेला ओव्हरड्राइव्ह बेससाठीं घेऊं नये, असा नियम केला तरी चालेल.

ऑक्टेव्ह पेडलविषयीं एक हिशेब ध्यानांत ठेवावा. ४१ आंदोलनांच्या तारेचें एक सप्तक खालीं नेलें, कीं सुमारें साडेवीस आंदोलनें उरतात. माणसाच्या श्रवणाची सीमाच मुळीं वीसच्या आसपास. तेव्हां जाड तारेवर हें पेडल लावून कांहीं साधत नाहीं, मंडपाचे स्पीकर मात्र उगीच धडपडतात. वरच्या दोन तारांवर तें शोभतें. कोरस सावकाश चालीच्या गीतांत सुरेख लागतो, परंतु जलद चालींत स्वरांच्या कडा बोथट करतो. आघाताच्या जोराप्रमाणें आवाजाचें तोंड उघडणारें ‘एन्व्हलप फिल्टर’ १९७२ सालच्या ‘म्यूट्रॉन’ पासून प्रसिद्धीस आलें. तें मौजेचें खरें. पण भक्तिगीतांत त्याला फारसें काम पडत नाहीं, म्हणून पहिल्या पांचांत त्याची गणना आम्ही करीत नाहीं.

जोडण्याचा क्रम साधारण असा असावा: गिटारनंतर ट्यूनर, मग कॉम्प्रेसर, ऑक्टेव्ह, ओव्हरड्राइव्ह, कोरस आणि शेवटीं डी. आय. ऑक्टेव्ह हा ओव्हरड्राइव्हच्या आधीं ठेवावा, कारण स्वच्छ स्वर मिळाला तरच त्याचें सप्तक तो नीट ओळखतो.

वडील माणसांनीं पहावयाच्या गोष्टी

येथवरची निवड मुलांवर सोंपविली तरी चालेल. विजेची बाब मात्र वडिलांनीं स्वतः पहावी. बहुतेक पेडलें ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. घरांतल्या इंटरनेटच्या पेटीचा ॲडॉप्टर दिसावयास सारखाच असतो, पण तो पुष्कळदां १२ व्होल्टचा आणि मधला भाग धन असलेला. तो लावल्यास नवें कोरें पेडल क्षणांत निकामी होऊं शकतें. प्रत्येक पेडलवर आणि ॲडॉप्टरवर छोटें चिन्ह छापलेलें असतें. तें जुळवूनच जोडणी करावी. पेडल बॅटरीवर चालवीत असल्यास वाजविणें संपल्यावर गिटारची केबल पेडलमधून काढून ठेवावी. बहुतेक पेडलें केबल घुसवितांच सुरू होतात, आणि ती तशीच राहिली तर बॅटरी विनाकारण संपत राहते.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट अर्थिंगची. गिटारच्या तारा विद्युत्‌दृष्ट्या ॲम्प्लिफायरच्या सांगाड्याशीं जोडलेल्या असतात. जुन्या वाड्यांत अर्थिंग नसलें, किंवा घरघर थांबावी म्हणून कोणी तीन पिनांपैकीं जाड पीन बाजूला केली, तर यंत्रांतला एखादा दोष थेट वाजविणाऱ्याच्या बोटांशीं येतो. आणि त्याच वेळीं ओठ ध्वनिक्षेपकाच्या मायक्रोफोनला लागले तर जिवावर बेतूं शकतें. म्हणून वाड्याचें अर्थिंग जाणत्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावें, गळती होतांच वीज तोडणारें यंत्र बसवावें, आणि पावसाळ्यांत ओल्या मंडपांत अनवाणी वाजवूं देऊं नये. पहिल्या पेडलचे पैसे आणि अर्थिंगचे पैसे ह्यांत निवड करावयाची वेळ आली, तर अर्थिंग आधीं करावें. चिरंजीव रुसतील, रुसूं द्यावें.

घरांतल्या शांततेसाठीं हेडफोन जोडतां येईल असें डी. आय. किंवा छोटा ॲम्प्लिफायर घ्यावा. आवाज कमी केल्यानें भागत नाहीं, हें त्या २७ फुटी लाटेनें आधींच सांगून ठेविलें आहे.

पेडल आणि विद्या

मुक्ताईनगर तालुक्यांतच तापी आणि पूर्णा ह्यांच्या संगमावर चांगदेवाचें देऊळ आहे. वाघावर बसून, हातीं सापाचा चाबूक घेऊन आलेल्या चांगदेवाची कथा आमच्या भागांत पोरासोरांनाहि पाठ असते. सिद्धि पुष्कळ, पण धाडलेलें पत्र कोरें. आणि अखेरीस गुरु केलें तें लहानग्या मुक्ताईला. पायाशीं दहा पेडलें मांडून बसलेले आणि एक साधी चाल लयींत न धरतां येणारे चांगदेव आज ठिकठिकाणीं आढळतात. त्यांस हंसण्यांत अर्थ नाहीं. त्यांना क्रम सांगणारें घरांत कोणी नव्हतें, इतकेंच.

घरानें क्रम लावून दिला म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण मुंबईचेंच आहे. १९९६ सालीं जन्मलेल्या मोहिनी डे ह्यांना बेसची दीक्षा मिळाली ती बेसवादक वडिलांकडून, अगदीं लहान वयांत. पुढें ए. आर. रहमान ह्यांच्यासारख्यांबरोबर त्या वाजवूं लागल्या आणि आज जगभर त्यांचें नांव आहे. मुलीच्या हातीं बेस कशाला, असें अजूनहि कोठें म्हटलें जात असेल, तर त्या घरांनीं ह्या उदाहरणाचा अवश्य विचार करावा. दुसरें उदाहरण चरणजितसिंग ह्यांचें. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणाऱ्या ह्या कलावंतानें, बेसवादकाची उणीव भरून काढावी म्हणून जपानांत निघालेलें ‘टी. बी. ३०३’ हें यंत्र घेतलें आणि १९८२ सालीं त्यावर दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका काढली. त्या काळीं तिच्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाली तेव्हां परदेशचे जाणकार थक्क झाले. यंत्र तेंच इतरांनीं निरुपयोगी म्हणून टाकून दिलें होतें. ह्यांच्यापाशीं आधीं राग होते, म्हणून तें यंत्र बोललें.

शेवटीं एक सोपी परीक्षा सुचवितों. तिच्यासाठीं एकत्र कुटुंबासारखी सोय दुसरी नाहीं. नवें पेडल आलें म्हणजे परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं आजोबांना शेजारच्या खोलींत बसवावें. मुलानें एकच चाल कधीं पेडल लावून, कधीं न लावतां वाजवावी. केव्हां काय केलें तें सांगूं नये. "आतां आवाज भरला," असें आजोबा म्हणाले तर पेडल ठेवावें. "आतां पातळ झाला," असें म्हणाले तर त्याच दिवशीं परत पाठवावें. आजोबांस ओव्हरड्राइव्ह कशाशीं खातात हें ठाऊक नसेल. पण त्यांनीं साठ वर्षें पखवाज ऐकला आहे, आणि खर्ज गेला कीं राहिला हें त्यांच्याइतकें नेमकें सांगणारें यंत्र कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. शिवाय, एकदां परीक्षक म्हणून बसल्यावर, "कशाला?" हा प्रश्न ते पुन्हां विचारणार नाहींत.